मागची बाजू भिंतीला जाते

आत्याची जमीन गेली त्यात माझा हात आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिते. दादांनी मला तसंच शिकवलं. पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत येतो आणि मागणी शेवटच्या. या वेळी मागणी काहीच नाही. कुणाकडे काय मागायचं, हे मला आता कळत नाही.

दादा म्हणजे माझे वडील. शहरात मस्तगडच्या एका गल्लीत छापखाना होता, तिथं त्यांची उमेदीची वर्षं गेली. आधी त्यांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. मग ऑफसेट आलं तेव्हा प्लेटा धुतल्या आणि कागद कापले. छापखान्यात लग्नपत्रिका, बिलबुकं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या निघायच्या. कापताना कडेला ज्या पट्ट्या आणि तुकडे उरायचे, त्यांतले मोठे तुकडे दादा बाजूला ठेवायचे आणि त्यावर पत्रकं छापायचे. हापशावर पाणी भरू दिलं नाही म्हणून पत्रक. वसतिगृहाच्या वरणात अळ्या निघाल्या म्हणून पत्रक. मजुरांची हजेरी कुणी बुडवली म्हणून पत्रक. लिहायचे दादा, छापायचे दादा आणि भिंतीवर डकवायचेही दादाच. डकवायची खळ आमच्याच चुलीवर शिजायची. आमच्या घराला कायम कणकेचा आणि शाईचा मिळून एक वास असायचा, आणि शाळेतल्या मुली मला त्यावरून चिडवायच्या. मी वाचायला शिकले ती बिघडलेल्या प्रतींवर. ‘जाहीर’ हा शब्द मला ‘आई’च्या आधी वाचता येत होता असं आई सांगते, आणि तिच्या सांगण्यात थोडा राग असतो.

छापखान्याचे मालक आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातले. सगळे त्यांना चाचा म्हणत. दादांनी पहिलं पत्रक लिहिलं ते दोन्ही बाजूंनी भरगच्च होतं. चाचांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “लिखो, दोनो बाजू लिखो. पीछे का दीवार पढती.”

त्या दिवसापासून आमच्या घराला नियम लागला. एक कागद, एक बाजू. मागची बाजू भिंतीला जाते. जे एका बाजूत बसत नाही त्याची काटछाट करायची.

काटछाट हा शब्द आमच्याकडे दिवसातून दहादा यायचा, पण प्रत्येकाच्या तोंडी त्याचं काम निराळं होतं. दादांची काटछाट लाल पेन्सिलीची. रविवारी सकाळी ते दारात पाट टाकून बसायचे, मांडीवर जुनी पाटी, पाटीवर कागद, आणि ओळीमागून ओळ मारत जायचे. जयंतीच्या भाषणासाठी मी दुसरी-तिसरीत असताना दोन पानं लिहिली होती. दादांनी त्याच्या अकरा ओळी केल्या. मी रडले. कापलेलं कुठं जातं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “उद्या आठवलं तर सांग. न्हाई आठवलं तर ते नकोच होतं.” दुसऱ्या दिवशी मला खरंच काही आठवलं नाही. अकरा ओळींना पहिलं बक्षीस मिळालं, आणि माझा या नियमावर जो विश्वास बसला तो पुढं वीस वर्षं हलला नाही.

आईची काटछाट कात्रीची. ती वस्तीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. तिचं म्हणणं असं की कापताना कमी कापावं आणि शिवणीच्या आत कापड सोडावं, कारण बाई आज आहे तेवढीच उद्या राहत नाही. ती प्रत्येक ब्लाऊजच्या आत बोटभर कापड सोडते. बाहेरून ते दिसत नाही. मला हा अडाणी काटकसरीचा प्रकार वाटायचा. मी दादांची मुलगी होते.

आणि आत्याची काटछाट मोसंबीच्या बागेतली.

आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. केदारखेड्याला एसटीतून उतरून पाऊण तास चाललं की तिचं गाव येतं. गावाबाहेर बरड माळ आहे, सरकारी दप्तरात त्याला गायरान म्हणतात. आत्यानं आणि तिच्या नवऱ्यानं तरुणपणी तिथले दगड वेचले, त्याच दगडांचे बांध घातले आणि दोन एकर ज्वारीखाली आणले. आपल्या लोकांना जमीन कुणी दिली नव्हती. ज्यांनी घेतली त्यांनी अशीच, दगडाखालून काढून घेतली. दोन एकरांवर वर्ष निघत नाही, म्हणून आत्या आजही लोकांच्या बागांत मजुरीला जाते. मोसंबीच्या झाडावरच्या वाळल्या काड्या काढायच्या, तिकडं त्याला सल काढणं म्हणतात. एका सुट्टीत मीही तिच्याबरोबर गेले होते. कात्री हातात आल्यावर मी जी काडी तपकिरी दिसेल ती उडवत सुटले. आत्यानं माझा हात धरला. वरून दोन्ही काड्या सारख्याच दिसतात, ती म्हणाली, आधी नख मारून बघायचं. तिनं एका काडीची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं. माझ्या पायाशी तशा हिरव्या काड्यांचा ढीग पडला होता. बागवाल्यानं त्या दिवशी आत्याला सगळ्यांसमोर बोलून घेतलं, आणि ती माझ्याकडं न बघता ऐकत उभी राहिली.

हे मी विसरले नव्हते. फक्त ते झाडापुरतं आहे, असं मला वाटायचं.

आत्याचा नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्याआधी तिला तहसीलची नोटीस आली. माळावर विजेचा प्रकल्प येणार होता, काचेच्या पाट्या उन्हाला लावून वीज करतात तो. गायरानावरचं अतिक्रमण काढायचं आहे, काही म्हणणं असेल तर सात दिवसांत लेखी द्यावं. ठरावीक तारखेच्या आधीपासून जमीन कसणाऱ्यांची जमीन नावावर होऊ शकते, असा सरकारचाच निर्णय आहे. आत्या त्या तारखेच्या कितीतरी आधीपासून कसत होती. ते फक्त दाखवायचं होतं. तिच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याकडं जुनी पावती होती. तलाठ्यानं त्याला कधीकाळी अतिक्रमणाचा दंड केला होता आणि त्यानं ती शिक्षा देवासारखी पत्र्याच्या पेटीत जपली होती. आत्याच्या घरातली पावती वाळवीनं खाल्ली होती.

ती नोटीस घेऊन आमच्याकडं आली. पिशवीत नोटीस, रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि आमच्यासाठी हुरडा. तिनं पिशवी माझ्यापुढं ठेवली, दादांपुढं नाही. दादांना आता बारीक दिसत नाही, आणि गेली चार-पाच वर्षं वस्तीचे अर्ज, निवेदनं, पत्रकं मीच लिहिते. आमच्या भागात कुणी मला नावानं ओळखत नाही, ‘पत्रकवाली’ म्हणतात. मला त्याचा गर्व होता. वकील कशाला, मी आहे ना, असं मी आत्याला म्हणाले. दादांनी एकदा वकिलाचं नाव काढलं होतं. मी ते ऐकून घेतलं नाही.

आत्या सरळ रेषेत काही सांगत नाही. शेळी कधी व्याली विचारलं तर ती शेळी कुणाकडून आणली तिथून सुरू करते. दोन दिवस ती बोलत होती आणि मी लिहून घेत होते. वहीची एकोणतीस पानं झाली. कोणत्या दगडाखाली विंचू निघाला, कोणत्या दुष्काळात विहिरीच्या कामावर खायला सुकडी मिळाली, बांधावरची बोर कुणाच्या हातानं लागली. तिच्या बोलण्यात साल नसतं. ‘थोरली पोटात व्हती तवा’, ‘दीर लष्करात गेल्ता तवा’ असं असतं. आणि त्यात बैल होता.

ज्वारी हुरड्यात होती, आत्या सांगत होती. सकाळी ती रानात गेली तर पाटलाचा बैल पिकात उभा. नवरा म्हणाला, हाकलून दे आणि गप बस. पण आत्यानं बैलाच्या वेसणीला दोर लावला आणि त्याला गावातून, भर बाजारपेठेतून चालवत कोंडवाड्याकडं नेलं. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरं ग्रामपंचायत जिथं कोंडून ठेवते तो कोंडवाडा. बैल गरीब होता. तोंडात तिचीच ज्वारी चघळत तो तिच्यामागं चालत होता आणि लोक ओट्यांवरून बघत होते. कोंडवाड्याची वही ज्याच्याकडं होती तो माणूस काही लिहून घेईना. पाटलाचा बैल लिहायचा कसा? आत्या पंचायतीच्या दारात बैल धरून बसली. दुपारपर्यंत बसली. बैलानं पायरीवर शेण टाकलं, लोक हसायला लागले, तेव्हा त्या माणसानं वही काढली. कुणाचा बैल ते लिहिलं आणि वही मिटायला लागला.

“म्या म्हणलं, कुणाच्या ज्वारीत शिरला ते बी लिव्ह,” आत्या म्हणाली. “तर म्हनतो कसा, ते तर गायरान हाय, सरकारचं. मंग म्या म्हणलं, सरकारला बलाव. ज्वारी निंदाया कवा आल्तं ते इचारते त्याला.”

त्यानं लिहिलं. आत्यानं ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. पुढं आठ दिवस तिला गावात कुणी कामाला बोलावलं नाही, पण सांगताना ती हसत होती, पदर तोंडाला लावून, आणि आईसुद्धा शिलाईयंत्राचं चाक थांबवून ऐकत होती. “बैलाला बी वाटलं आसंल,” आत्या म्हणाली, “की ही बाई चांगली हाय, आपल्याला जेवू घालून गाव दाखवून राह्यली.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काटछाटीला बसले.

हे नीट सांगते, कारण इथंच सगळं आहे. नोटिशीत पानांची काही अट नव्हती. एकोणतीस पानं दिली असती तरी तहसीलला ती घ्यावी लागली असती. एका बाजूत बसव असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी सरकारदरबारी द्यायच्या कागदाला पत्रक समजले. जो कागद भिंतीवर लागणार नव्हता, फाईलला लागणार होता, त्याची मागची बाजू मी भिंतीला दिली.

विंचू गेला. सुकडी गेली. बोर गेली. थोरली पोटात होती ते गेलं. हे सगळं घरगुती आहे, असं मला वाटलं. साहेबाला आपण गरीब, भोळे वाटू, असं वाटलं. माझी आत्या हसण्यावारी जायला नको होती. बैलाला सव्वा पान लागलं होतं. तो एका ओळीत बसतो का पाहिला. एका ओळीत तो बैल नुसता बैल होत होता, कशाला आणलाय ते कळेना. मी तो काढला.

आणि एक परिच्छेद मी ठेवला. हजारो वर्षांच्या भूमिहीनतेबद्दल, घामाच्या हक्काबद्दल, दगडातून अन्न काढणाऱ्या हातांबद्दल. सात ओळी होत्या. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही शब्द आत्याचा नव्हता. त्या सात ओळींना मी पेन्सिल लावली नाही. वहिवाट कधीपासूनची, या ठिकाणी मी ‘पूर्वापार’ असं लिहिलं. भिंतीवर हा शब्द चांगला दिसतो.

दादांना मी कच्चा आणि पक्का असे दोन्ही मसुदे वाचून दाखवले. मग त्यांनी कच्चा मसुदा मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि मधल्या एका जागी बोट ठेवलं.

“ह्यो बैल ऱ्हाऊ दे का?” ते म्हणाले.

माझ्या वडिलांनी मला उभ्या आयुष्यात विचारलेला हा पहिला प्रश्न होता, ज्यात ते माझी परवानगी मागत होते. मी हसले. मी म्हणाले, “दादा, मागची बाजू भिंतीला जाते.” त्यांनी बोट उचललं.

मग आत्याला वाचून दाखवलं. तिला सही येते, वाचता येत नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. हजारो वर्षांच्या ठिकाणी तिनं मान हलवली. शेवट आला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि बैल कुठं गेला म्हणून विचारलं. साहेबांना इतका वेळ नसतो, मी सांगितलं, मुद्द्याचं तेवढं ठेवलंय.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “तू शिकलेली हाईस माय. तुला कळतं.” आणि तिनं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत सही केली.

सुनावणी भोकरदनच्या तहसीलला होती. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो, आत्या, दादा आणि मी. बाहेर बाकावर आमच्यासारखेच तीस-चाळीस जण. आत टेबलामागं जो अधिकारी होता तो माझ्याच वयाचा असेल. तो उद्धट असता तर मला आज सोपं गेलं असतं. तो उद्धट नव्हता. त्यानं आत्याला खुर्ची दिली. माझा कागद त्यानं पूर्ण वाचला, मला दिसत होतं, ओळीवरून त्याचे डोळे सरकत होते. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, ठरलेल्या तारखेच्या आधी तुमचं पीक तिथं होतं, याला आधार काय?

आत्या पुढं सरकली. “साहेब,” ती म्हणाली, “ज्वारी हुरड्यात व्हती, तवा पाटलाचा बैल...”

त्यानं पुन्हा कागदाकडं पाहिलं. मग त्यानं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूकडं तो क्षणभर पाहत राहिला आणि कागद परत सरळ केला.

“यात बैलाचं काही नाही, आजी,” तो म्हणाला. “लेखी दिलंय तेवढ्यावरच बोला. जरा आवरतं घ्या, बाहेर लोक आहेत.”

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी बोलले. मी घटनेबद्दल बोलले, हक्काबद्दल बोलले, आवाज चढवून बोलले, बाहेरच्या बाकावरून लोक दारात येऊन ऐकायला लागले. मी चांगलं बोलले असं नंतर दोघातिघांनी मला सांगितलं. बैलाबद्दल मी एक शब्द बोलले नाही, कारण तोपर्यंतसुद्धा मला कळलं नव्हतं. दादांना कळलं होतं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांनी खाली पाहिलं होतं.

महिन्याभरानं आदेश आला. शेजाऱ्याचं प्रकरण दंडाच्या पावतीमुळं वेगळं काढलं होतं. आत्याच्या बाबतीत लिहिलं होतं की तिच्या लेखी म्हणण्यात मुदतीपूर्वीच्या वहिवाटीचा कोणताही पुरावा नमूद नाही, सबब अतिक्रमण काढण्यात यावं. तो आदेशही एकाच पानाचा होता.

ग्रामपंचायतीची वही शोधायची हे दादांनी सुचवलं. मी आणि आत्या चार वेळा गेलो. पाचव्या वेळी ग्रामसेवकानं जुन्या कपाटाची किल्ली दिली. खालच्या कप्प्यात, गोचीड मारायच्या औषधाच्या खोक्याखाली, कोंडवाड्याच्या तीन वह्या होत्या. दुसऱ्या वहीत तो दिवस होता. निळी शाई, वाकडं अक्षर. एक बैल, पांढरा. मालकाचं नाव. ‘गायरान, उभ्या ज्वारीत शिरल्यावरून’. आणि पुढं, जागा कमी पडल्यामुळं समासात दाबून लिहिलेलं, ज्वारी कुणाची त्याचं नाव: आत्याच्या नवऱ्याचं. तारीख सरकारनं ठरवलेल्या तारखेच्या कितीतरी आधीची.

त्या माणसाला पाटलाची भीती होती, पायरीवर शेण पडलेलं होतं, जागा उरली नव्हती, तरी त्यानं ते समासात लिहिलं. मला कुणाची भीती नव्हती आणि माझ्याकडं आख्खी कोरी बाजू होती.

आम्ही वहीची नक्कल घेतली आणि वर अपील केलं. या वेळी वकील होता. स्थगिती मिळाली नाही. सुनावणीची तारीख दोनदा पुढं गेली, आणि त्या मधल्या दिवसांत माळावर यंत्र आलं. मी गेले होते. यंत्राला बांध काढायला किती वेळ लागतो हे मी आधी पाहिलं नव्हतं. आत्यानं आणि तिच्या नवऱ्यानं सात उन्हाळे वेचलेले दगड एका सकाळीत पुन्हा माळभर झाले. ज्वारी काढून झालेली होती, धसकटं उभी होती, त्यामुळं पिकाचं नुकसान झालं नाही असं कुणीतरी म्हणालं. शेजाऱ्याचा तुकडा तसाच हिरवा राहिला. त्यानं दुसरीकडं तोंड करून आपल्या कांद्याला पाणी दिलं. मी त्याला दोष देत नाही.

अपिलाचा निकाल आला तेव्हा त्यात कोंडवाड्याच्या नोंदीबद्दल दोनच ओळी होत्या. मूळ म्हणण्यात हा मुद्दा नव्हता, तो पश्चातबुद्धीनं मांडलेला दिसतो; शिवाय ताबा देऊन झालेला आहे. पश्चातबुद्धी म्हणजे मागाहून सुचलेलं. म्हणजे बैल आत्यानं मागाहून रचला. ज्या बाईनं तो भर गावातून चालवत नेला, माझ्या घरात बसून मला पहिल्याच दिवशी सांगितला, ‘बैल कुठं गेला’ म्हणून विचारलं, तिला सरकारी कागदानं खोटं ठरवलं. हे माझ्या हातानं झालं. सरकारचं पाप सरकारपाशी आहे, आणि त्यावर मी जन्मभर पत्रकं लिहीन. पण त्या दोन ओळींची जागा मी करून दिली.

आणखी वर जाता येतं, वकील म्हणाला. आत्या नको म्हणाली.

दादा या सगळ्यावर एकदाच बोलले. आम्ही दारात बसलो होतो. ते म्हणाले, “म्या बोट ठिवलं व्हतं. उचलाया नको व्हतं.” मी म्हणाले की चूक माझी आहे. ते म्हणाले, शिकवलं कुणी? समोरच्या भिंतीवर त्यांचंच एक जुनं पत्रक अर्धवट सोलवटून लोंबत होतं. त्याची मागची बाजू दिसत होती. तिच्यावर फक्त खळ होती, वाळून पिवळी पडलेली.

आई आत शिवत होती. तिच्याकडं बघायची मला लाज वाटते, विशेषतः ती एखादा जुना ब्लाऊज उसवून आतलं कापड बाहेर काढते तेव्हा.

मी आता अर्ज लिहिताना काही गाळत नाही. लोक वैतागतात. एका रेशनकार्डाच्या तक्रारीला मी सहा पानं लावली, तर कारकुनानं ती न वाचता बाजूला ठेवली. म्हणजे तेही उत्तर नाही. कापलं तर जीव जातो आणि न कापलं तर कुणी वाचत नाही. आपल्या माणसांचं म्हणणं किती लांबीचं असावं हे दुसराच कुणीतरी ठरवतो, आणि ते कधी ठरवलं हे आपल्याला कळवत नाही. दादांची पिढी या विश्वासावर जगली की नेमक्या शब्दांत सांगितलं तर ऐकलं जातं. माझा तो विश्वास राहिला नाही, आणि त्याच्या जागी दुसरा आलेला नाही.

गेल्या महिन्यात मी आत्याकडं गेले होते. ती बागेतून आली होती, नखांत मोसंबीची साल होती. माळाच्या बाजूला आता तारेचं कुंपण आहे आणि त्याच्या आत काळ्या पाट्या, एकीला एक लागून, आत्याच्या बांधाची जागा कोणती ते ओळखू येत नाही. मी वही नेली होती. ती एकोणतीस पानं माझ्याकडं आहेत, पण मला ते पुन्हा तिच्या तोंडून हवं होतं, पहिल्यापासून, विंचवापासून. कुठं द्यायला नाही. असंच, तिचं म्हणून, पूर्ण लिहून ठेवायला.

मी वही उघडली आणि म्हणाले, आत्या, बैलाचं सांग ना.

तिनं चहाची कपबशी खाली ठेवली. पूर्वी ती मांडी बदलायची, पदर नीट करायची, मग सुरू व्हायची. तसं काही तिनं केलं नाही.

“बैल शिरला,” ती म्हणाली. “कोंडवाड्यात नेला. झालं.”

मी पुढचं येईल म्हणून थांबले. पेन कागदावर टेकलेलं होतं. तिनं माझ्या वहीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“एवढं बसंल का एका बाजूत?” तिनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.